पिकाचा अंदाज आणि पिकाचें माप

पीक किती उतरणार हा प्रश्न शेतकऱ्याच्या मनांत पेरणीपासून असतो. सरकारास व विमा कंपनीस तो कापणीच्या सुमारास पडतो. उत्तर काढण्याच्या वाटा मात्र निरनिराळ्या आहेत. कोणी बांधावर उभें राहून नजरेनें ठरवितो, कोणी शेतांत दोरी लावून, कापून, मळून, तोलून ठरवितो, आणि अलीकडे उपग्रहानें घेतलेल्या चित्रांवरून गणितानें ठरविण्याची रीत निघाली आहे. नांदेड व लातूर या जिल्ह्यांत सोयाबीन हें खरिपाचें मुख्य पीक होऊन बसलें आहे, आणि त्याच पिकाच्या भरपाईंत ही तिसरी रीत शिरल्यामुळें तिच्याशीं आपला रोख पैशाचा संबंध जडला आहे. सबब अंदाज मापाशीं ताडून कसा पाहावा, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नजरेची रीत सर्वांत जुनी. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक धरून गांवचें पीक किती आण्यांचें आहे हें ठरे व त्यावरून साऱ्याची सूट किंवा तहकुबी मिळे. १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं, आणि पुढें आणेवारीची पैसेवारी झाली. रीत तीच राहिली. मराठवाड्यांत खरिपाची नजरअंदाज पैसेवारी सप्टेंबर अखेर, सुधारित ऑक्टोबर अखेर व अंतिम डिसेंबरांत जाहीर होण्याचा परिपाठ आहे, आणि गांव पन्नास पैशांच्या आंत कीं बाहेर यावर पुष्कळ सवलती अवलंबून राहत आल्या आहेत. नजरअंदाज या शब्दाचा हिंदी-उर्दूंत अर्थ ‘दुर्लक्षित’ असा होतो, हें आमच्या भागांतील वाचकांस सांगावयास नकोच.

मापाची रीत त्या मानानें अलीकडची. शेतांत ठराविक चौकोन आंखावा, त्यांतील पीक कापावें व तोलावें, ही कल्पना सोपी दिसते. पण चौकोन कोठें आंखावा हीच तिच्यांतील खरी अडचण आहे. जागा माणसाच्या मर्जीवर सोडली तर पाय आपोआप दाट पिकाकडे वळतो, आणि ज्यास पीक कमी दाखवावयाचें असेल त्याचा पाय विरळ पिकाकडे वळतो. यावर उपाय एकच, तो म्हणजे जागा चिठ्ठीनें ठरविणें. बिहार व ओरिसा प्रांतांत जे. ए. हबॅक या सनदी अधिकाऱ्यानें १९२३ नंतर भाताच्या कापण्या अशा चिठ्ठीनें निवडलेल्या जागीं करविल्या व १९२७ सालीं त्यांची हकीकत प्रसिद्ध केली. पुढें १९४० नंतरच्या दशकांत कृषि संशोधन परिषदेकडून या कामास देशव्यापी रूप आलें. त्यांत दोन मराठी नांवें अग्रभागीं आहेत: सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि अकोल्याच्या कपाशीवर कापणीचे प्रयोग करणारे विनायक गोविंद पानसे.

याच काळांत चौकोनाच्या आकारावरून एक वाद झाला, तो आपल्या विषयास फार उपयोगी आहे. बंगालमध्यें प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याकडे लहान वर्तुळांत कापणी करण्याची रीत होती. ती स्वस्त व जलद असल्यामुळें थोड्या पैशांत पुष्कळ जागा पाहून होत. सुखात्मे यांनीं लहान व मोठ्या चौकटींचीं उत्पन्नें एकमेकांशीं ताडून दाखविलें कीं चौकट जितकी लहान तितकें उत्पन्न फुगून येतें. कारण साधें आहे. दोरीच्या अगदीं कडेवर उभें असलेलें झाड आंत धरावें कीं बाहेर, असा प्रश्न आला म्हणजे कापणाऱ्याचा हात तें आंत ओढतो. एक मीटर बाजूच्या चौकोनास दर चौरस मीटरामागें चार मीटर कड असते. पांच मीटर बाजूच्या चौकोनास ती एका मीटराहूनहि कमी पडते. म्हणजे लहान चौकोनांत कडेच्या झाडांस पांचपट वाव मिळतो. तात्पर्य, माप म्हटलें तरी तें निर्दोष असतेंच असें नाहीं. अंदाज ज्या मापाशीं ताडावयाचा तें माप आधीं पारखून घेतलें पाहिजे.

सोयाबीनचा हिशेब घेऊं. समजा, दहा मीटर लांब व पांच मीटर रुंद असा तुकडा आंखला. हें क्षेत्र पन्नास चौरस मीटर झालें, आणि हेक्टराचें उत्पन्न काढण्यास त्याच्या वजनास दोनशेनें गुणावें लागतें. तराजूंत शंभर ग्रॅमची चूक झाली तर हेक्टरीं वीस किलोची चूक झाली. पेरणी पंचेचाळीस सेंटिमीटर अंतरावर असेल तर पांच मीटरांत अकरा ओळी बसतात. दोरी जरा सैल पडून बारावी ओळ आंत आली कीं उत्पन्न नऊ टक्क्यांनीं वाढलें. ओलाव्याचें तसेंच. कापणीच्या दिवशीं दाण्यांत शेंकडा वीस ओल असतां पांच किलो भरलेला माल बाजाराच्या शेंकडा बारा ओलीवर आणला म्हणजे सुमारें साडेचार किलोच राहतो. हेक्टरीं दहा क्विंटल म्हणून लिहिलें गेलेलें पीक वस्तुतः नऊ क्विंटलांचें असतें. कापणीस हजर असलेल्या शेतकऱ्यानें दोरी, तराजू व ओल या तीन गोष्टींवर नजर ठेवली तर बाकीचीं कारकुनी कामें आपोआप सुधारतात, असा आमचा अनुभव आहे.

पीक विम्यांत भरपाईचें एकक महसूल मंडळ असेल तेथें एका पिकाचे साधारणतः दहा-बारा प्रयोग होतात. शेत चिठ्ठीनें निघतें, शेतांतील जागाहि नैऋत्य कोपऱ्यापासून चिठ्ठीनें आलेलीं पावलें मोजून ठरते, आणि प्रयोगाचीं छायाचित्रें व जागेचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर नोंदले जातात. तथापि एका मंडळांत हजारों हेक्टर सोयाबीन असतें. कंधार, मुखेड, जळकोट, अहमदपूर या बालाघाटच्या पट्ट्यांत एकाच मंडळांत नदीकांठची भारी काळी जमीनहि असते आणि वीतभर मातीखालीं मुरूम लागणारें माळरानहि असतें. दहा कापण्यांपैकीं सात काळींत निघाल्या तर मंडळाचें पीक चांगलें ठरतें, सात माळावर निघाल्या तर वाईट. यांत कोणाची लबाडी नसते. थोड्या नमुन्यांचा हा स्वभावच आहे.

ही उणीव भरून काढण्यास उपग्रहाची रीत पुढें आली. २०२३ च्या खरिपापासून पंतप्रधान पीक विमा योजनेंत भात व गहू यांच्या उत्पन्नांत तंत्रानें काढलेल्या अंदाजास किमान तीस टक्के वजन देण्याचें ठरलें, आणि २०२४ च्या खरिपापासून सोयाबीन त्यांत जोडलें गेलें. २०२५ च्या खरिपांत महाराष्ट्रानें योजनेचें रूप बदललें व हंगामांतील निरनिराळ्या आपत्तींची वेगळी भरपाई वगळून मंडळाच्या उत्पन्नावरच सारा भर ठेवला. त्या वर्षीं ऑगस्टांत मुखेड तालुक्यांत लेंडीचें पाणी गांवांत शिरलें, सप्टेंबरांत अतिवृष्टीनें मांजरा व गोदावरीकांठचीं शेतें पाण्याखालीं राहिलीं, आणि उत्पन्नाचा आंकडा किती महत्त्वाचा आहे हें सर्वांस कळून आलें.

उपग्रह पीक तोलीत नाहीं, तो उजेड पाहतो. हिरवें पान तांबडा प्रकाश शोषून घेतें व डोळ्यांस न दिसणारा त्यापलीकडचा प्रकाश परतवितें. या दोहोंच्या प्रमाणावरून झाडोरा किती जोमदार आहे हें कळतें. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रांतील सर्वांत लहान ठिपका दहा मीटर बाजूचा असतो, म्हणजे जवळजवळ आपला एक गुंठा. दोन उपग्रह मिळून दर पांच दिवसांनीं चित्र मिळतें. परंतु श्रावण-भाद्रपदांत आभाळ भरलेलें असलें कीं चित्रांत ढगच येतात, आणि सोयाबीनला फूल लागण्याचा व शेंग भरण्याचा काळ नेमका तोच. ढगांतून पाहणारे रडारचे उपग्रह आहेत, त्यांचाहि उपयोग केला जातो. मग पाऊस, उष्णता, जमीन, पेरणीची तारीख हें सर्व गणितांत घालून झाडोऱ्यावरून दाण्याचें वजन अनुमानिलें जातें. अशा गणिती मांडणीस आज सर्वत्र मॉडेल म्हणतात.

झाडोरा दिसतो, दाणा दिसत नाहीं, ही या रीतीची मर्यादा आहे. पान हिरवेंगार असूनहि शेंगा पोंचट राहिल्या तर चित्रांत तें दिसत नाहीं. सोयाबीनच्या मधून तुरीच्या ओळी असल्या तर एकाच गुंठ्यांत दोन पिकांचा रंग मिसळतो. कापून गंजी लावल्यावर पाऊस लागून दाण्यास कोंब आले, तर उपग्रहाच्या लेखीं तें शेत केव्हांच रिकामें झालेलें असतें. शिवाय मॉडेल ज्या वाणावर व ज्या जमिनीवर बसविलेलें असेल त्याच्याशीं तें बांधलेलें असतें. माळव्याच्या भारी जमिनींतील लवकर येणाऱ्या वाणावर बसविलेलें गणित परभणी विद्यापीठाच्या एम. ए. यू. एस. १६२ किंवा ६१२ या वाणांस कंधारच्या माळावर जसेंच्या तसें लावावें हें युक्त नाहीं.

दिसणाऱ्या गोष्टीवरून न दिसणारी गोष्ट काढण्याची हीच अडचण उत्तर ध्रुवाकडील समुद्रांत फार मोठ्या प्रमाणावर आलेली आहे, आणि तेथें शास्त्रज्ञांनीं अंदाज व माप यांची ताडणी कशी केली हें पाहण्यासारखें आहे. गोव्यांत वास्को येथें आपल्या देशाची ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे व उत्तर ध्रुवाकडे २००८ पासून ‘हिमाद्रि’ हें आपलें केंद्रहि आहे. तेव्हां हा विषय अगदींच परका नव्हे.

समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाचा सुमारें दहावा हिस्सा पाण्यावर दिसतो, बाकी पाण्याखालीं असतो. २०१० पासून फिरणारा युरोपचा क्रायोसॅट-२ व २०१८ पासूनचा अमेरिकेचा आइससॅट-२ हे उपग्रह त्या दिसणाऱ्या भागाची उंची मोजतात आणि जाडी गणितानें काढतात. उंचींत दोन सेंटिमीटरांची चूक झाली तर जाडींत सुमारें वीस सेंटिमीटरांची चूक होते. आपल्या कापणींतील दोनशेच्या गुणाकारासारखाच हा प्रकार आहे. त्यांतहि बर्फावर भुसभुशीत हिम साचलेलें असतें, आणि तें किती, हें उपग्रहास नीट कळत नाहीं. त्यासाठीं पुष्कळ काळ एक जुना तक्ता वापरण्यांत आला. सोव्हिएट संशोधकांनीं वाहत्या बर्फावर मुक्काम करून १९५४ ते १९९१ या काळांत हातानें हिम मोजलें, त्यावरून तो तक्ता केलेला होता. तो जुन्या, अनेक वर्षें टिकलेल्या बर्फावरचा. पुढें समुद्रांत एकाच हिवाळ्याचा नवा बर्फ वाढला, आणि नव्या बर्फावर हिम त्याच्या निम्म्यानेंच धरावें लागतें असें ध्यानांत आलें. जुन्या जागेचा तक्ता नव्या जागेस लावल्यानें काय होतें, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

उपग्रहाखेरीज, हवा व समुद्र यांच्या गणितावरून जाडी काढणारीं मॉडेलेंहि आहेत. अमेरिकेंतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पायोमास या मॉडेलचा आधार जगभर घेतला जातो. त्याची परीक्षा बर्फाला भोंकें पाडून घेतलेल्या मापांशीं, बर्फाखालून जाणाऱ्या पाणबुड्यांनीं आवाजाच्या प्रतिध्वनीवरून घेतलेल्या मापांशीं व समुद्राच्या तळाशीं बांधून ठेवलेल्या यंत्रांशीं केली गेली. निष्कर्ष विचार करण्याजोगा आहे. मॉडेल एकंदरींत खरें उतरतें, परंतु पातळ बर्फ तें आहे त्याहून जाड सांगतें आणि जाड बर्फ आहे त्याहून पातळ सांगतें. म्हणजे दोन्ही टोकें मध्याकडे ओढलीं जातात. समुद्राचा एकूण बर्फ काढावयाचा असेल तर अशी चूक पुष्कळशी एकमेकींत जिरून जाते.

पीक विम्यांत ती जिरत नाहीं, आणि या लेखाचा मुख्य मुद्दा हाच आहे. पांच मंडळांचें एक कल्पित उदाहरण घेऊं. कापणीनें मोजलेलें उत्पन्न हेक्टरीं अनुक्रमें ४, ७, १०, १३ व १६ क्विंटल आहे असें समजा. मॉडेलनें सांगितलें ७, साडेआठ, १०, साडेअकरा व १३. दोहोंची सरासरी दहाच. सरासरीवरून पाहणारा म्हणेल, मॉडेल अचूक आहे. आतां भरपाईचें उंबरठा उत्पन्न पांचही मंडळांत ८ क्विंटल धरा. (मागील सात वर्षांपैकीं उत्तम पांचांची सरासरी घेऊन महाराष्ट्रांत तिच्या सत्तर टक्क्यांवर तें ठरविण्याची रीत आहे.) हेक्टरीं विम्याची रक्कम पन्नास हजार रुपये समजा. पहिल्या मंडळाची खरी तूट निम्मी, म्हणून भरपाई पंचवीस हजार. कापणीस सत्तर व मॉडेलास तीस टक्के वजन दिलें कीं उत्पन्न चार क्विंटल नव्वद किलो ठरतें व भरपाई १९,३७५ रुपये होते. दुसऱ्या मंडळाची भरपाई ६,२५० वरून सुमारें ३,४४० वर येते. वरच्या दोन मंडळांत मॉडेलनें पीक कमी सांगितलें खरें. पण तेथें कोणासहि भरपाई नव्हतीच, त्यामुळें त्या चुकीनें कोणाचा कांहीं फायदा झाला नाहीं. चूक दोन्ही बाजूंस सारखी झाली, नुकसान मात्र ज्याचें पीक गेलें त्याचेंच झालें.

यावरून उपग्रहाची रीत टाकून द्यावी असें आमचें म्हणणें नाहीं. तिच्यावर कोणाची भीड चालत नाहीं, ती माळ व काळी दोन्ही पाहते, आणि दहा कापण्यांच्या नशिबावर मंडळ सोडण्यापेक्षां तिची जोड असणें बरें. परंतु ती किती खरी आहे याची परीक्षा सरासरीवर घेऊं नये. उत्पन्नें लहानापासून मोठ्यापर्यंत मांडावीं व खालच्या चौथाईंत मॉडेल किती चुकतें तें वेगळें पाहावें. दुसरें असें कीं ज्या कापण्यांवर मॉडेल बसविलें त्याच कापण्यांवर त्याची परीक्षा घेऊं नये. मुलास उत्तरें आधीं सांगून त्याच प्रश्नांची परीक्षा घेतल्यासारखें तें होतें. २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेंत हें तत्त्व एका रीतीनें मान्य केलेलें दिसतें: पाऊस व उपग्रहाचे निर्देशांक यांवरून दुष्काळाची चिन्हें दिसलीं तरी दहा टक्के गांवें चिठ्ठीनें निवडून शेतांत जाऊन सत्यमापन केल्यावरच निर्णय करावयाचा असतो.

संघाच्या सभासदांस ही ताडणी स्वतः करतां येईल. एका मंडळांतील आठ-दहा शेतकऱ्यांनीं कापणीपूर्वी पंधरा दिवस एकत्र बसून शेतें चिठ्ठीनें निवडावीं. माळाचीं व काळीचीं शेतें वेगळ्या चिठ्ठ्यांत ठेवावीं म्हणजे दोन्ही येतील. तुकडा दहा बाय पांच मीटरांचा असावा. कोपरा गवंडी धरतात तसा ३, ४ व ५ मीटरांच्या त्रिकोणानें काटकोनांत धरावा, दोरी ताणून बांधावी, आणि ज्या झाडाचें बूड दोरीच्या आंत तेंच कापावें. फांदी आंत वांकलेली असली तरी बूड बाहेर असेल तर तें सोडावें. मळलेला दाणा दहा ग्रॅमपर्यंत दाखविणाऱ्या तराजूवर त्याच दिवशीं तोलावा. त्यांतील एक किलो दाणा निराळा काढून उन्हांत वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा व पुन्हां तोलावा. लातूर किंवा नांदेडच्या बाजारांत ओल मोजण्याचें यंत्र असतेंच, त्यावर हा नमुना दाखवून घेतल्यास उत्तम.

इतक्यावर थांबूं नये. त्याच शेताची संपूर्ण रास यंत्रांतून निघाल्यावर प्रत्येक कट्टा तोलून एकूण वजन लिहावें, कारण तुकड्याच्या मापाची खरी परीक्षा पूर्ण शेताच्या वजनानेंच होते. येथें क्षेत्रांत फार चूक होते. सातबाऱ्यावरील क्षेत्रांत पोटखराबा, बांध, विहीर व गोठा यांची जागा असूं शकते; त्यानें भागलें तर उत्पन्न उगाच कमी दिसतें. पेरलेलें क्षेत्र साखळीनें किंवा मोबाइलवरील नकाशानें मोजून तेंच धरावें. तूर मधून घेतली असेल तर ओळींचें प्रमाण लिहावें.

वहींत दर शेतास एक पान ठेवून त्यावर जमिनीची जात, वाण, पेरणीची व कापणीची तारीख, ओळींतील अंतर, ओलें वजन, वाळलें वजन व पूर्ण शेताचें वजन हीं लिहावीं. शेतांत पाणी साचलें असेल तर किती दिवस, आणि गंजी भिजली असेल तर कापणीनंतर कितव्या दिवशीं, हेंहि नोंदावें. मंडळाचें उत्पन्न जाहीर झालें म्हणजे तें शेजारच्या रकान्यांत घालावें. कापणीचें व तंत्राचें उत्पन्न वेगवेगळें मिळत असेल तर तीं दोन्ही निराळीं लिहावीं, मागाहून मिसळलेल्या आंकड्यांतून कांहीं कळत नाहीं. एका हंगामावरून मत बनवूं नये. निदान तीन हंगाम, आणि त्यांत एक तरी वाईट, इतकी नोंद हातीं असावी. २०२५ चा खरीप वाईट हंगामांत मोडतो. ज्यांच्याजवळ त्या वर्षाच्या मळणीच्या व आडतीच्या पावत्या असतील त्यांनीं त्या जपून ठेवून पेरलेल्या क्षेत्रासह वहीच्या पहिल्या पानावर उतरून घ्याव्या.